किलारनेटवाल्याचा दात

दात तिसऱ्यांदा निघाला तेव्हा त्यांनी तो काडेपेटीत घालून आणला. पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "म्याडम, पुन्हा निंगला." आवाजात तक्रार नव्हती. मला त्याचाच जास्त राग आला. ते भांडले असते तर मीही भांडले असते, आणि भांडणात मी सहसा कोणाला हार जात नाही.

सिंदेवाहीला माझा दातांचा दवाखाना आहे. हे भाऊ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांच्या तोंडी ती किलारनेट, आणि इतक्या महिन्यांनंतर आता माझ्याही तोंडी तेच. दिवाळीनंतरच्या एका वरातीत नवरदेवाचा मामा नाचता नाचता त्यांच्या अंगावर कोसळला, वाद्याचं टोक तोंडात आपटलं आणि वरचा पुढचा दात अर्ध्यातून मोडला. मामा तसाच नाचत पुढं गेला म्हणे.

किलारनेट वाजवताना वरचे पुढचे दात तिच्या टोकावर टेकवावे लागतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एक दात नसला की ती तोंडात डुगडुगते, हवा बाजूनं निसटते आणि सूर फाटतो. भाऊंचे वडील याच बँडमध्ये होते, वाद्यही त्यांचंच. आता बँडच्या मास्तरनं सांगून टाकलं होतं, मे महिन्यातल्या शेवटच्या लग्नात किलारनेट नीट वाजली तर ठीक, नाहीतर पुढच्या हंगामापासून तिच्या जागी कीबोर्ड. मी म्हटलं, दुसरं काही वाजवा की मग. तर म्हणाले, "धानाच्या रोवणीच्या मजुरीले जाईन म्याडम, पण झांजा नाई वाजवत."

दाताच्या मुळाचं काम मी हिवाळ्यातच उरकलं होतं. राहिला होता तो आखूड खुंट. खुंट लांब असला की त्यावर कॅप नुसती घट्ट बसते, सिमेंटनं फट भरली की झालं. आखूड खुंटावर धरायला जागाच नसते, म्हणून सगळी भिस्त चिकटण्यावर. अशा वेळी मी सिरॅमिकची कॅप रेझिन सिमेंटनं चिकटवते. हे सिमेंट नुसतं भरत नाही, दोन्हीकडं धरून बसतं. पण धरायला पृष्ठभाग तसा हवा. गवंडी गिलाव्याआधी गुळगुळीत भिंतीला टाचे मारतो ना, तसं कॅपच्या आतल्या अंगाला ॲसिड लावून बारीक खड्डे पाडतात. मग सायलेन नावाचं पातळ औषध. त्याचा एक हात काचेसारख्या सिरॅमिकला आणि दुसरा सिमेंटला. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचं काम आहे ते, दोन्ही घरांत त्याचं जाणं-येणं. मला हा भाग इतका आवडतो की शिकत असताना मी परीक्षेत त्यावर मागितल्यापेक्षा जास्त लिहिलं आणि पुढचा प्रश्न राहून गेला.

तर एवढं सगळं करून पहिल्यांदा दात आठ दिवस टिकला. माझा संशय लाइटवर गेला. सिमेंट पक्कं होण्यासाठी त्यावर निळा प्रकाश धरावा लागतो, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात विजेचा काही नेम नसतो, बॅटरी अर्धवट भरलेली असणार. बॅटरी बदलली, दात पुन्हा चिकटवला. बारा दिवस. मग संशय सिमेंटवर. फ्रिज बंद पडून ते गरम झालं असेल, म्हणून नवी ट्यूब आणून दात तिसऱ्यांदा चिकटवला. आणि त्याच वेळी, हातासरशी, मी भाऊंना झापलं.

खर्रा खायची त्यांना सवय होती. सुपारी आणि तंबाखू दाताखाली रगडून रगडून कॅप उचकटली असणार, असं मी त्यांना त्यांच्या आईसमोर सुनावलं. त्यांची आई प्रत्येक वेळी सोबत यायची. बारकी, काटक बाई, तोंडावर पदर, फारशी न बोलणारी. भाऊ म्हणाले, "खर्रा सोडला म्याडम मी. दात बसला त्या दिवसापासून नाई खाल्ला, देवाशपथ." मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, तिलाही पटलं.

माझे वडील ऊर्जानगरला वीज केंद्रात दुरुस्तीच्या कामावर होते. तुटलेला बोल्ट, घासलेलं बेअरिंग असलं काहीतरी खिशात घालून घरी आणायचे आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून निरखायचे. आई चिडायची. ते म्हणायचे, "आधी तुटलेलं तोंड पाहायचं, कोणाला शिव्या द्यायच्या ते मग ठरवायचं." मुलगी त्यांची असून मी शिव्या आधी देऊन मोकळी झाले होते. तिसऱ्यांदा काडेपेटी समोर आली तेव्हा कुठं मला तुटलेलं तोंड पाहायचं सुचलं.

भाऊंना खुर्चीत बसवून मी खुंट भिंगाखाली पाहिला. सगळं सिमेंट खुंटावर होतं, चांगलं पक्कं, नखानं उचकटत नव्हतं. म्हणजे लाइट बरोबर, सिमेंट बरोबर, दाताची बाजूही बरोबर. मग कॅप पालथी करून आत पाहिलं. तिथं सिमेंटचा कणही नव्हता. खर्ऱ्यानं उचकटली असती तर थोडं इकडं, थोडं तिकडं, असं राहिलं असतं. इथं सिरॅमिकनं सिमेंटला हात दिलाच नव्हता.

आता मला राग राहिला नाही, नाद लागला. भाऊ गेल्यावर मी कॅपच्या आत पाण्याचा एक थेंब सोडला. ॲसिड लावलेल्या खडबडीत जागेवर पाणी पसरायला हवं. हा थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा गोल होऊन बसला. तेल. कुठून तरी तेल येत होतं.

पहिला आरोपी माझा कॉम्प्रेसर. जुन्या कॉम्प्रेसरच्या हवेतून कधी कधी तेलाचे बारीक तुषार येतात आणि आपण दात वाळवतोय असं समजून त्याला तेल पाजत बसतो. मी आरशावर पाच मिनिटं हवा मारली. आरसा कोरडा. कागदावर मारली, डाग नाही. दुसरा आरोपी नागपूरची लॅब. ॲसिड लावून, खड्डे पाडून कॅप तिथूनच येते. लॅबवाल्याला फोन केला तर तो दुखावला. म्हणाला, "आमच्याकडून आत पांढरं, धुरकट येते. चमकत असंल तर तुमच्याकडंच काही झालं." तिसरी आरोपी माझी मदतनीस बाई. तिच्या केसांना रोज चपचपीत तेल असतं. मी तिला हात हुंगायला मागितले. तिनं दिले, वास नुसत्या साबणाचा आला, पण नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि चहा थंड करून दिला.

चौथा विचार असा आला की फुंकताना दातावर नेमका जोर कुठं येतो तेच मी पाहिलेलं नाही. तेलाशी त्याचा संबंध नव्हता, पण एव्हाना मला सगळंच पाहायचं होतं. भाऊंना निरोप दिला, किलारनेट घेऊन या. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

ते आले, आई मागोमाग. दवाखान्याच्या बाकावर त्यांनी पेटी उघडली. किलारनेट एकसंध नसते, तिचे चार-पाच तुकडे असतात आणि ते एकात एक बसवावे लागतात. सांध्यावर बुचाची पट्टी गुंडाळलेली असते. भाऊंनी पहिला तुकडा उचलला आणि न बोलता आईकडं धरला. आईनं कमरेच्या पिशवीतून बामची रिकामी डबी काढली, तिच्यात बोट बुडवलं आणि बुचावरून एक वेटाळा फिरवला. मग दुसरा तुकडा. भाऊ जोडत गेले, आई बोट फिरवत गेली. किती सहज, किती नेमकं. मी बघतच राहिले.

"बाई, हे काय लावता?" मी विचारलं.

"टोळीचं तेल." मोहाच्या बियांना इकडं टोळ म्हणतात. उन्हाळ्यात त्या वेचायच्या, फोडायच्या आणि तेल काढून आणायचं.

"आणि कशाला लावता?"

"कशाले म्हंजे?" आई पहिल्यांदाच माझ्याशी एवढं बोलली. "तेल लावल्याबिगर एकात एक बसंल का व माय? कोरडं बसवलं तं लाकूड तडकते. याच्या बापानं शिकवलं मले. चाळीस वर्सं झाले, हे काम माह्याच हाती हाय."

डॉक्टरीण इतकं विचारते आहे म्हणून तिला बरं वाटलं असावं. पदर तोंडावरून खाली आला. तिनं डबी मिटली आणि आपणहून सांगितलं, "दातालेबी लावलं ना म्या. तिन्ही डाव. आतून. वरून लावलं तं डाग दिसंल म्हून आतूनच लावलं, बोट फिरवून. सुकानं बसंल, पोराले दुखणार नाई."

आता माझ्या दवाखान्यातली एक पद्धत सांगायला हवी, जिचा मला त्या क्षणापर्यंत फार अभिमान होता. लॅबमधून कॅप आली की मी ती दातावर बसवून माप पाहते, रंग पाहते. आणि चिकटवण्याआधी ती स्टीलच्या छोट्या ताटलीत ठेवून घरच्यांना पाहायला देते, निघालेली पुन्हा बसवतानाही. इकडं नवं काही आलं, मग ती सायकल असो की शेळी, सगळ्यांनी हात लावून पाहिल्याशिवाय ते आपलं होत नाही. शहरातले डॉक्टर असं करत नाहीत, मी करते, असा माझा तोरा. लोक ताटली फिरवत, खूश होत, आणि मी तोवर पाठमोरी होऊन सिमेंटची तयारी करायचे. ताटली परत आली की कॅप पाण्यानं धुवायची, वाळवायची, पुढचं काम. पाण्यानं तेल जात नाही हे भांडी घासणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. बाकीच्या लोकांचे खुंट लांब होते, त्यामुळं माझी चूक झाकली जात होती. या एका आखूड खुंटानं ती उघडी पाडली.

मला आधी हसू आलं, मोठ्यानं. मग कान तापले. खर्ऱ्यावरून मी त्या माणसाला याच खोलीत, याच आईसमोर बोलले होते.

आई माझ्या तोंडाकडं पाहत होती. तिला कळायला वेळ लागला नाही. "काऊन हसून राह्यल्या? तेलानं निंगते का दात?"

मी हो म्हटलं.

तिचा हात डबीसकट पदराखाली गेला. "म्हंजे माह्याच हातानं पडला का? तिन्ही डाव?"

"नाही बाई," मी म्हटलं, "तुमच्या हातात दात मीच दिला. तेल लावू नका हे सांगायचं काम माझं होतं." आणि मग भाऊंकडं वळून, मदतनीस बाई ऐकत असताना, मी त्यांची माफी मागितली. खर्ऱ्यावरून मी तुम्हाला उगाच बोलले, तुम्ही खरं सांगत होता. भाऊ इतके अवघडले की किलारनेटचे तुकडे पुन्हा सुटे करू लागले. मदतनीस बाईचे हात हुंगल्याबद्दल मी तिचीही माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या." पण त्या दिवशी चहा गरम मिळाला.

लॅबवाल्याकडून ते जहाल ॲसिड बसनं मागवलं. ते तोंडात कधी वापरायचं नसतं, हातमोजे आणि चष्मा घालून बाहेरच कॅपला लावायचं. दुसऱ्या दिवशी भाऊ आले. आई दिसेना. विचारलं तर म्हणाले, बाहेर पायरीवर बसली आहे, आत येत नाही म्हणते. मी बाहेर गेले. दोन्ही हात पदरात गुंडाळून ती उन्हात बसली होती.

"मी नाई येत. माह्या हाताले गुण नाई," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते. "तुम्ही आला नाहीत तर मीही चिकटवत नाही," असं म्हणून मी तिला दंडाला धरून आत आणलं आणि भिंगाच्या दिव्याखाली स्टुलावर बसवलं. कॅप स्पिरिटनं पुसली, तिच्यादेखत ॲसिड लावलं, वीस सेकंद मोजले, खूप वेळ धुतलं, वाळवलं. आतली बाजू पांढुरकी झाली, तांदळाचं पीठ लावल्यासारखी. मग पाण्याचा थेंब सोडला. थेंब टेकला तसा पसरला.

"पाहा. आधी हा गोल राहत होता."

ती वाकली. पदरातले हात विसरून स्टुलाची कड धरली. "आता काऊन पसरला?"

"तेल गेलं म्हणून. आता सिमेंटही असंच पसरेल, खड्ड्यांत शिरेल आणि धरेल."

"पण कोरडं बसवलं तं तडकणार नाई का?"

इतका चांगला प्रश्न मला शिकताना कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बाई, किलारनेट रोज उघडायची असते, म्हणून तेल. दात पुन्हा कधी उघडायचा नाही."

"हे आंधी नाई सांगायचं का मंग?" ती एकदम कडाडली. "तीन डाव माह्यासमोर बसवला, एक डाव बोलल्या नाई! वरून माह्या पोराले खर्ऱ्यावरून बोलल्या." भाऊ खुर्चीतून "माय, राहू दे" म्हणत होते. मी मात्र खाली मान घालून ऐकून घेतलं. ऐकायला बरंही वाटलं, कारण पायरीवर बसलेली बाई आता गेली होती.

खुंटावरचं जुनं सिमेंट खरवडलं, दाताला त्याचं सौम्य ॲसिड, धुणं, वाळवणं. कॅपला सायलेन. सिमेंट भरून कॅप बसवली, बोटानं दाबून धरली, कडेचं ओघळलेलं पुसलं, आणि निळा प्रकाश चारी बाजूंनी. आई मोठ्यानं आकडे मोजत होती. वीसच्या पुढं पंचवीसपर्यंत गेली. मी लाइट तोवर धरून ठेवला.

लग्न नदीच्या बाजूच्या एका गावात होतं, गोरज मुहूर्ताचं. मला निमंत्रण नव्हतं. पण दात टिकतो का नाही हे फोनवर कळेपर्यंत थांबण्याइतका धीर माझ्यात नव्हता, म्हणून दवाखाना लवकर बंद केला आणि गाडी काढली. धान संशोधन केंद्राच्या पुढं गेल्यावर डांबरावरून वाफा निघत होत्या. गावात पोचले तेव्हा वरात शाळेपाशी आली होती, ऊन अजून चांगलंच होतं आणि भाऊ पहिल्या रांगेत वाजवत होते. मी गर्दीतून त्यांच्या बाजूला जाऊन चालू लागले. वरचे दात टोकावर टेकलेले, ओठ आवळलेले. सूर उंच गेला की गळ्याच्या शिरा तट्ट फुगत. सूर फाटत नव्हता. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मागं वळून पाहणाऱ्या मास्तरचा चेहरा मला वाचता येत होता.

नाचणारे जवळ आले की माझा जीव वरखाली होत होता. एक मामा किंवा काका, कोण होता कोण जाणे, हात हवेत टाकत भाऊंच्या अगदी पुढ्यात आला. भाऊ न थांबता अर्धं पाऊल मागं सरकले आणि वाजवत राहिले.

मग मला त्यांची आई दिसली. बँडच्या दोन पावलं मागून ती चालत होती, एकटी. नजर खाली, रस्त्यावर. लोकांच्या पायांमधून वाट काढत ती माती बघत होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी जवळ गेले. "बाई, काही पडलं का?"

"नाई. पडलं तं गवसलं पायजे म्हून." तिनं मान वर केली नाही. "मांगच्या वरातीत असाच पडला. लोकाइच्या पायाखालून म्या उचलला."

"अहो, तो बघा किती छान वाजवतोय. वर तरी पाहा."

"तुमी पाहा वर," ती म्हणाली. "मी खाली पाहून राह्यली."

मी तीनदा पक्का म्हणून दिलेला दात तीनदा पडला होता. म्हणून आम्ही तशाच चाललो, शाळेपासून मंडपापर्यंत. मी दाताकडं बघत, ती जमिनीकडं.

मंडपाच्या तोंडाशी बाजा थांबला. भाऊंनी किलारनेट खाली घेतली आणि घाम पुसला. आई गर्दी सारून पुढं गेली. "हाय का रे?"

त्यांनी तोंड उघडून दाखवलं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाडी भोवती, मास्तर शेजारी, आणि तिनं त्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या तोंडात बोट घातलं, दात धरला आणि हलवला. एकदा सावकाश. मग जोरात. मी मध्ये पडले नाही.

दात हलला नाही. तिनं बोट पदराला पुसलं आणि मंडपाचा खांब धरून रडू लागली.